म्हातारी मांजर ट्रे सोडते तेव्हा आधी काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीतल्या एका ताईंची मनी १४ वर्षांची. ऑपरेशन झालेली, लहानपणापासून फ्लॅटमध्येच वाढलेली, ट्रेच्या बाबतीत कधी तक्रार नाही. गेले दोन महिने मात्र ती बाथरूमबाहेरच्या पायपुसण्यावर शू करते. मध्येच कधीतरी पलंगावर. शी बहुतेक वेळा ट्रेच्या बाहेर, पण अगदी वीतभर अंतरावर. ताईंनी झाकणाचा नवा ट्रे आणला, वासासाठी सुगंधी लिटर (ट्रेमध्ये पसरायची माती) घातलं, ट्रे हॉलमधून ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी नेला आणि फरशी रोज फिनाइलने पुसायला लागल्या. त्यानंतर प्रकार वाढलाच. सासूबाई म्हणतात, "मुद्दाम करते, नाक घासा तिचं." मिस्टर म्हणतात, कुठेतरी सोडून येऊ. ताईंचं विचारणं असं की ही सवय मोडायची कशी, आणि सोबतीला एखादं पिल्लू आणलं तर फरक पडेल का.

मी पुण्यात प्रॅक्टिस करते आणि माझ्याकडे मांजरंच जास्त येतात. मनीला मी पाहिलेलं नाही, त्यामुळे इथे बसून निदान करायचा आव आणत नाही. वर्षापूर्वी तिचं वजन किती होतं, आता किती आहे, पाणी जास्त पिते का, खिडकीत अजून उडी मारून बसते का, यातलं काही प्रश्नात आलेलं नाही आणि बरंचसं त्यावरच अवलंबून आहे. पण एवढं नक्की सांगते की एवढी वर्षं बिनबोभाट ट्रे वापरणारी मांजर म्हातारपणी तो सोडते, तेव्हा मी तिच्या स्वभावाचा विचार सगळ्यात शेवटी करते. तरुण मांजरीत ताण, भांडणं, लिटरची नावड ही कारणं आधी येतात. म्हातारीत क्रम उलटा. तिला काहीतरी जमेनासं झालेलं असतं. ट्रेपर्यंत जाणं, आत चढणं, नीट बसणं, किंवा पोचेपर्यंत धरून ठेवणं, यातलं नेमकं काय अडतंय ते शोधायचं. सवय मोडण्याचा विषय त्यात कुठे येतच नाही.

सासूबाईंचा वैताग मला कळतो. कापसाची गादी भिजली की काय होतं ते ज्याने ती उन्हात ओढत नेलीय त्यालाच ठाऊक. पण नाक घासल्याने मांजर एवढंच शिकते की या माणसांसमोर शू करायची नाही. मग ती कपाटामागे करते, आणि आपल्याला आठवड्याने वासावरून पत्ता लागतो.

तर आधी खाली वाकून नीट बघा. पायपुसण्यावरचं थारोळं केवढं आहे? मोठं असेल, आधीपेक्षा मोठं असेल, तर लघवी जास्त होतेय. थेंब थेंब, चार ठिकाणी, कधी गुलाबीसर छटा असेल, तर मूत्राशयात जळजळ, जंतुसंसर्ग किंवा खडा असू शकतो. शी कशी आहे? लेंड्यांसारखी कोरडी, कडक असेल तर बद्धकोष्ठ. तिला ट्रेमध्ये कुंथताना दुखलं असेल तर मांजरीच्या हिशेबाने ती जागाच वाईट ठरते. आणि ट्रेची भिंत बाहेरच्या बाजूने बघा. तिथे लघवीचे ओघळ असतील आणि आत लिटरमध्ये पुढच्या पायांचे ठसे असतील, तर मनी ट्रेमध्ये जाते आहे. पुढचं अंग आत, मागचे पाय जेमतेम आत, नीट खाली बसवत नाही म्हणून ढुंगण वरच राहतं आणि धार भिंतीवरून बाहेर. तिच्या मते तिने ट्रेमध्येच केलं. असं दिसलं तर ते सांध्यांचं लक्षण आहे, आणि शी ट्रेशेजारी पडण्याचं कारणही बऱ्याचदा तेच. शू पटकन उरकते. शी करायला जास्त वेळ वाकून राहावं लागतं, ते सोसत नाही, मग ती अर्ध्यातून बाहेर येते.

जमल्यास मोबाइलवर व्हिडिओ घ्या. दवाखान्यात टेबलावर मांजर गोठल्यासारखी बसते, तिथे तिची चाल आम्हाला दिसत नाही. घरातला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ मला तासभराच्या तपासणीपेक्षा जास्त सांगून जातो.

मध्येच एक गोष्ट, मनीसाठी नाही, पण हे वाचणाऱ्या ज्यांच्याकडे बोका आहे त्यांच्यासाठी. बोका वारंवार ट्रेमध्ये जाऊन कुंथतोय, ओरडतोय, सारखा खाली चाटतोय आणि लघवीचा थेंब नाही, तर हे बद्धकोष्ठ समजून घरी थांबू नका. मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो, आणि एक-दोन दिवसांत जीव जातो. रात्री दोन वाजले असले तरी जो दवाखाना उघडा असेल तिथे न्यायचं.

आता मनीच्या तपासण्या. या वयात लघवी वाढण्याची तीन मोठी कारणं: किडनी, मधुमेह आणि थायरॉइड. किडनी थकली की लघवी घट्ट करण्याची ताकद जाते. पातळ लघवी भरपूर होते, ती भरून काढायला मांजर पाणी पीत राहते. आधी ढुंकूनही न बघणारी मांजर बाथरूममधल्या बादलीत तोंड घालायला लागली, नळाखाली बसायला लागली, तर ते आठवून डॉक्टरांना सांगा. मधुमेह किंवा थायरॉइड वाढलेलं असेल तर खाणं चांगलं, कधी अधाशासारखं, आणि तरी वजन उतरत जातं. घरचे खूश असतात, की या वयात भूक बघा कशी लागते. म्हणून वजन महत्त्वाचं. मांजरीला उचलून वजनकाट्यावर उभं राहायचं आणि मग स्वतःचं वजा करायचं, या पद्धतीत दोन-तीनशे ग्रॅमचा फरक सहज लपतो. बाळांचा काटा मिळाला तर उत्तम. चार किलोच्या मांजरीचे ४०० ग्रॅम कमी होणं म्हणजे साठ किलोच्या माणसाचे सहा किलो जाणं.

पाणी मोजणं सोपं आहे. सकाळी मोजून भरा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेलं मोजा, बादल्या झाकून ठेवा. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ५० मिलीच्या वर गेलं तर लक्ष ठेवायचं, १०० मिलीच्या वर गेलं तर शंका उरत नाही. म्हणजे साडेतीन किलोच्या मनीने ३५० मिली प्यायलं तर ते फारच झालं. ओलं खाणं खाणाऱ्या मांजरीला वरून पाणी फारसं लागतच नाही, तेही ध्यानात ठेवा.

पैशांचा प्रश्न असतो, तो मोकळेपणाने डॉक्टरांशी बोलावा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. एकदम सगळं करणं शक्य नसेल तर माझा क्रम असा: लघवी, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी), साखर आणि रक्तदाब. मग टी-फोर, म्हणजे थायरॉइड. मग सोनोग्राफी. लघवीची तपासणी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. निरोगी मांजरीची लघवी चांगली घट्ट असते, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी साधारण १.०३५ च्या वर. त्याखाली सतत येत असेल तर किडनीकडे बघायचं, क्रिएटिनिन अजून नॉर्मल दिसत असलं तरी. कारण किडनीचं तीन-चतुर्थांश काम थांबेपर्यंत क्रिएटिनिन सहसा नॉर्मलच्या बाहेर जात नाही. एसडीएमए नावाची तपासणी त्याआधी इशारा देते, पण ती सगळीकडे होत नाही.

इथे एक घोळ नेहमी होतो. मालक लघवीची बाटली कोपऱ्यावरच्या माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये देतात. तिथे ती पट्टीवर बघितली जाते. मांजराच्या लघवीची घट्टता पट्टीवर धड कळत नाही, त्याला रिफ्रॅक्टोमीटर लागतो. आणि पट्टीवरचा पांढऱ्या पेशींचा रकाना मांजरांत उगाचच पॉझिटिव्ह येतो. मग इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिक सुरू होतं. किडनी किंवा मधुमेह असलेल्या म्हाताऱ्या मांजरीत खरंखुरं इन्फेक्शन होतंही, तरुणांपेक्षा कितीतरी जास्त, पण ते कल्चर करून, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघूनच ठरवावं. त्यासाठीची लघवी आम्ही पोटातून सुईने काढतो. ऐकायला भयंकर वाटतं, प्रत्यक्षात बरीच मांजरं रक्त काढण्यापेक्षा ते शांतपणे करू देतात. नुसती घट्टता बघायची असेल तर घरचा नमुना चालतो. ट्रे स्वच्छ धुऊन वाळवायचा, लिटरऐवजी फिश टँकमधले धुतलेले खडे पसरायचे, शू झाली की सुई नसलेल्या सिरिंजने ओढून घ्यायची आणि थेट दवाखान्यात. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये, नीट झाकून आणि वर लिहून. का ते घरात एकापेक्षा जास्त माणसं असलेल्यांना सांगायला नको.

साखर जास्त आली तर लगेच मधुमेह झाला म्हणून रडू नका. रिक्षा, हॉर्न, कुत्र्यांचा वास एवढ्यानेही मांजराची साखर चढते. फ्रुक्टोसामाइन नावाची रक्ततपासणी केली की आधीच्या एक-दोन आठवड्यांच्या साखरेचा अंदाज येतो. रक्तदाब मात्र न विसरता मोजायला सांगा. मांजराच्या पुढच्या पायाला किंवा शेपटीला बांधायचे छोटे कफ मिळतात. किडनी आणि थायरॉइड दोन्हींत दाब वाढतो, आणि वाढलेल्या दाबाने मांजर एका रात्रीत आंधळी होऊ शकते. ट्रे सापडत नाही म्हणून आणलेली मांजर तपासताना कळतं की तिला ट्रे दिसतच नाही, असंही होतं. मुंबईच्या बाजूला असाल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल तुम्हाला माहीत असेलच, तिथे पशुवैद्यकीय कॉलेजही आहे. एवढ्या लांब मांजर न्यायची नसेल तर आधी फोन करून जवळपास रक्तदाब आणि रिफ्रॅक्टोमीटर कुठे आहे एवढं विचारा. या दोन गोष्टी असलेला साधा दवाखाना मला चकचकीत रिसेप्शनपेक्षा जास्त आवडतो.

सांध्यांचं आधी बोलले, ते जरा सविस्तर सांगते, कारण मनीच्या वर्णनावरून माझा पहिला संशय तिथेच जातो. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले होते. त्यातल्या ९० मांजरांत सांधे किंवा मणके झिजल्याच्या खुणा होत्या. आणि तरीही मालक सांगतात, "नाही हो, लंगडत नाही." मांजर लंगडत नाहीच. ती फक्त कमी करते. फ्रिजवर जायची, आता सोफ्यावर बसते. सोफ्यावर चढताना आधी पुढचे पाय ठेवून क्षणभर थांबते. पाठीचा शेवटचा भाग चाटायला मान पोचत नाही म्हणून तिथले केस गुठळ्या होऊन बसतात. घरचे म्हणतात वय झालं, शांत झाली.

आज संध्याकाळी मनी झोपेत असताना तिचा पंजा हातात घ्या आणि नखं बघा. म्हाताऱ्या मांजरी खांबावर, दोरीवर नखं घासणं सोडून देतात. जुनी सालं गळत नाहीत, नख जाड होतं, पिवळट पडतं, वळत वळत पंजाच्या गादीत रुततं. अंगठ्याचं नख तर हमखास, कारण ते जमिनीला टेकतच नाही. वाटाण्याएवढी लालसर गादी आणि तिच्यात घुसलेलं नखाचं टोक, असं मी कितीतरी वेळा बघितलंय. अशा पायाने लिटरवर उभं राहायचं म्हणजे खडीवर अनवाणी चालणं. मग पायपुसणं तिला का आवडतं ते कळतं: मऊ आहे, सपाट आहे, चढावं लागत नाही, आणि लघवी शोषून घेतं. रुतलेलं नख घरी ओढून काढू नका, पू असतो, दवाखान्यात कापून घ्या.

दुखण्यावर औषध आहे, पण घरातलं नाही. हे ठळक अक्षरात वाचा: क्रोसिन, म्हणजे पॅरासिटामॉल, मांजराला कधीच नाही. माणसाची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, कॉम्बिफ्लाम, काहीच नाही. मांजरांसाठीचं मेलॉक्सिकॅम असतं, पण ते किडनीचा रिपोर्ट बघून, मोजून. कधी आम्ही गॅबापेंटिन वापरतो. काय, किती, किती दिवस, हे मनीच्या रिपोर्टवर ठरेल, म्हणून इथे डोस लिहीत नाही. बद्धकोष्ठ निघालं तर तेही तसंच. दूध पाजू नका, जुलाब होतात आणि पाणी अजून कमी होतं. इसबगोलही पाणी कमी पडलेल्या मांजरीत उलटं बसतं. आधी अंगातलं पाणी भरून काढायचं, लागलं तर कातडीखाली सलाईन देऊन, मग शी मऊ करणारं लॅक्टुलोज वगैरे.

तपासण्या होईपर्यंत घरात काय करायचं, ते आजच सुरू करा. रिपोर्ट काहीही आला तरी यातलं फुकट जाणार नाही.

झाकणाचा ट्रे काढून टाका. आत वास कोंडतो, वळायला जागा नाही, दारावरची पट्टी डोक्याने ढकलावी लागते आणि उंबरा चढावा लागतो. या चारही गोष्टी तिला नको आहेत. ट्रे मोठा हवा, नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट. बाजारातले बहुतेक ट्रे पिल्लांच्या मापाचे असतात आणि किंमत मात्र हत्तीची. पलंगाखाली सरकवायचा प्लास्टिकचा चपटा स्टोरेज बॉक्स आणा, झाकण बाजूला ठेवा, एका बाजूची भिंत गरम सुरीने कापून दोन-तीन इंचांवर आणा आणि कापलेली कड सॅंडपेपरने घासा, नाहीतर पोट खरचटतं. बाकी तीन भिंती उंच ठेवा, म्हणजे उभ्याने केली तरी आतच राहील. बांधकामावरचं प्लास्टिकचं घमेलं काही जण वापरतात. स्वस्त आहे, कडा बुटकी आहे, पण गोल असल्याने लांबीला कमी पडतं, आणि मनी नीट वाकत नसेल तर धार बाहेरच जाणार.

लिटर बिनवासाचं, बारीक, वाळूसारखं. आपल्याकडे मिळणारं साधं बेंटोनाइट, जे मुळात कच्छकडची माती आहे, ते बहुतेक मांजरींना चालतं. सुगंधी लिटर माणसाच्या नाकासाठी बनवलेलं असतं. लव्हेंडरचा वास आपल्याला बागेसारखा, तिला डोक्यात जाणारा. सिलिकाचे स्फटिक दुखऱ्या पंजांना टोचतात. थर दीड-दोन इंच पुरे, जास्त घातलं की पाय रुततो आणि तोल जातो. मनी पूर्वी जे वापरत होती तेच परत आणा, याला तर्क लागत नाही. गुठळ्या होणारं लिटर असेल तर रोज काढताना गुठळ्या मोजत चला आणि आकार बघा. दिवसाला दोन-चार असतात. त्या अचानक लिंबाच्या मोसंबी झाल्या तर डॉक्टरांना सांगायला तुमच्याकडे पुरावा असतो.

जागा. ड्राय बाल्कनी बिल्डरने मशीनसाठी दिली आहे, मांजरीसाठी नाही. स्पिन सुरू झाला की ती जागा थरथरते, पावसात शिंतोडे येतात, सरकत्या दाराची पट्टी ओलांडावी लागते. आणि खरं सांगा, रात्री डास येतात म्हणून ते दार बंद होतं ना? मग पहाटे चारला तिने कुठे जायचं? एक ट्रे हॉलमध्ये, जुन्या जागी परत. दुसरा ती जिथे झोपते तिथून दहा पावलांत. आणि पायपुसण्याच्या जागी, बरोबर तिथेच, तिसरा, निदान महिनाभर. बाथरूमच्या दारात ट्रे कसा दिसेल, असं मनात येईल. आत्ता जे पडलंय त्यापेक्षा बराच दिसेल. पायपुसणी सगळी उचलून ठेवा. नंतर तो ट्रे रोज वीतभर सरकवत सोयीच्या कोपऱ्यात नेता येतो. एका मांजरीला दोन ट्रे ही किमान गरज, म्हातारीला तीन दिले तर काही बिघडत नाही.

आणखी एक गोष्ट जी कुणी सांगत नाही, ती म्हणजे फरशी. आपल्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर सांधे दुखणाऱ्या मांजरीचे मागचे पाय फाकतात. जुनी सतरंजी किंवा योगा मॅट पट्ट्या कापून ट्रेपर्यंत पायवाट करून द्या. रात्री ट्रेजवळ झिरोचा दिवा. एवढ्या दोन गोष्टींनी ज्यांची मांजर सुधारली असे पेशंट मला आठवतात, औषध नंतर सुरू केलं.

फिनाइल आजपासून बंद. काळं फिनाइल तर विषच, त्यातले फिनॉल मांजराच्या लिव्हरला पचवता येत नाहीत. ती पाय चाटते आणि ते पोटात जातं. पांढऱ्याचंही कौतुक नको. अमोनियाचे क्लीनर वासाला लघवीसारखेच, म्हणजे 'इथे करा' अशी पाटी लावल्यागत. ब्लीच लघवीवर ओतलं तर छातीत जाणारा वायू तयार होतो. एन्झाइमचा पाळीव प्राण्यांसाठीचा क्लीनर मिळाला तर तो वापरा. नाहीतर एन्झाइमची धुण्याची पावडर कोमट पाण्यात विरघळवून, डागावर दहा-पंधरा मिनिटं राहू देऊन, साध्या पाण्याने पुसा, वाळल्यावर स्पिरिटचा बोळा फिरवा. गादीवर वरवर पुसून भागत नाही, आत मुरलेलं असतं. नोटा तपासायचा छोटा यूव्ही टॉर्च मिळतो. दिवे घालवून तो फिरवला की जुने डाग पिवळट-हिरवे चमकतात. दोन मिनिटं नको नको होतं, पण निदान कुठे कुठे झालंय ते तरी कळतं. पलंगावर काही आठवडे वॉटरप्रूफ चादर टाका आणि बेडरूमचं दार बंद ठेवा, अर्थात आत ट्रे नसेल तरच.

सगळे रिपोर्ट ठीक, सांधे ठीक, ट्रे ठीक, तरीही ती कोपऱ्यात उभी राहून भिंतीकडे बघते, रात्री मोठ्याने ओरडते, खाऊन झाल्यावर पुन्हा ताटलीपाशी येते, तर मेंदू थकल्याचा विचार करावा लागतो. माणसांत दिसतो तसा विसरभोळेपणा मांजरांतही येतो. त्यावर हुकमी औषध नाही. सामान हलवायचं नाही, वेळा बदलायच्या नाहीत, ट्रे सगळे नजरेच्या टप्प्यात. डायपर लावू का, असं मला विचारतात. लघवीवर ताबाच नसलेल्या मांजरीत क्वचित उपयोग होतो. एरवी कातडी भिजून सोलवटते, आणि बहुतेक जणी पाच मिनिटांत काढून फेकतात. त्यापेक्षा ती झोपते तिथे शोषून घेणारे पॅड अंथरा.

मिस्टरांच्या सोडून येण्याबद्दल थोडं कडक बोलते. १४ वर्षं ताटलीत आयतं खाल्लेली, पायाने अधू, कदाचित किडनी थकलेली मांजर मार्केटजवळ किंवा मंदिराच्या आवारात सोडली तर ती तिथे राहत नाही, मरते, आणि लवकर मरत नाही. शिवाय उपासमारीने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६०च्या ११व्या कलमाखाली गुन्हा आहे. तपासणीच्या दिवशी मिस्टरांनाच तिला घेऊन दवाखान्यात पाठवा. आठवडाभर आधी पिंजरा हॉलमध्ये उघडा ठेवून आत तिची चादर घाला, म्हणजे निघताना ओढाताण होणार नाही. घरातल्या ज्याला सगळ्यात जास्त राग असतो त्यालाच मी एक्स-रे दाखवते, त्याचा फायदा होतो.

किती दिवसांत फरक पडेल? नखं आणि ट्रे एवढंच कारण असेल तर आठवड्या-दोन आठवड्यांत. सांध्यांचं औषध सुरू झालं तर तीन-चार आठवडे धरा. किडनी निघाली तर लघवी पुन्हा पूर्वीइतकी कमी होणार नाही. ट्रे जास्त, साफसफाई दिवसातून दोनदा, आणि पाणी कधीच कमी करायचं नाही. ट्रे भिजतो म्हणून वाटी उचलून ठेवणारे लोक असतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

राहिलं पिल्लू. आत्ता नको. चार महिन्यांचं पिल्लू सोबत देत नाही, ते अंगावर उड्या मारतं. ट्रेच्या तोंडाशी दबा धरून बसेल, मनी बाहेर येताना शेपटीवर झेप घेईल, आणि पळता न येणारी मनी ट्रेकडे फिरकायचंच सोडेल. मांजर एकटी कंटाळते हा बऱ्याचदा आपलाच कंटाळा असतो. तिची औषधं लागू पडून दोन-तीन महिने सगळं सुरळीत राहिलं आणि तरी घरात पिल्लू हवंच असेल, तर एक आणू नका, जोडी आणा. ती एकमेकांत खेळतात आणि म्हातारीला सोडतात. तेव्हा ट्रे निदान चार लागतील, मनीचा वेगळ्या खोलीत. मिस्टरांना हा आकडा आधी सांगून ठेवा.